रिकामं शस्त्र पुजत नाहीत

दाजींना पिस्तुलाचा परवाना मिळाला तेव्हा त्यांच्या जिवाचा धोका मिटून सात महिने झाले होते. ज्याच्यापासून धोका होता तो माणूस तोवर त्यांच्या घरी दोनदा जेवून गेला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मुरुडला त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, राहायला ते लातूरला. मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार आहे. काय घडलं ते आधी सांगायचं आणि मत शेवटी, जागा उरली तर, अशी सवय मला तिथे लागली. इथेही तोच क्रम ठेवतो, मात्र मत मधेमधे डोकावेल.

दाजी बाजार समितीच्या निवडणुकीला व्यापाऱ्यांमधून उभे होते. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आधल्या दोन दिवसांत त्यांना दोन फोन आले. दोन्हींत एकच वाक्य होतं, अर्ज मागं घे, न्हाई तर दुकानातून उचलतो. दाजी घाबरले. ती भीती खरी होती आणि तिची मी थट्टा करणार नाही. त्यांनी पोलिसांच्या आधी मला फोन केला. मी तक्रार द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन कॉलमी बातमी छापून आणली. शीर्षक होतं, उमेदवाराला जिवे मारण्याची धमकी. फोनवरचा माणूस फक्त 'उचलतो' म्हणाला होता. 'जिवे मारण्याची' हे माझं. 'उचलण्याची धमकी' शीर्षकात नीट बसत नव्हतं.

फोन कुणाचा ते पोलिसांनी चार दिवसांत शोधलं. विरोधी उमेदवाराचा चुलतभाऊ होता, मुरुडच्या रस्त्यावर त्याचं हॉटेल आहे. निवडणुकीत दाजी पडले, विरोधी उमेदवारही पडला, तिसराच निवडून आला. मग दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बैठक घेतली आणि तो हॉटेलवाला शाल-नारळ घेऊन लातूरला आला. लई पेलो होतो म्हणाला, आणि आक्काच्या पाया पडला. आक्काने पुरणपोळी केली होती. त्याने कटाची आमटी दोनदा मागून घेतली. प्रकरण मिटलं.

परवान्याचा अर्ज मात्र मिटला नाही. फोन आले त्याच आठवड्यात तो केलेला होता. मी दाजींना म्हटलं, आता कशाला पाहिजे. ते म्हणाले, फाईल हललीच हाय तर हलू द्या. कारण मला माहीत होतं. त्यांच्या उठण्याबसण्यातल्या तिघांकडे पिस्तूल होतं. ते तिघं लग्नात खुर्चीवर बसताना शर्टाचं उजवं टोक जरा वर सारून बसत. दाजी त्यांच्यात शर्ट खोचून बसत होते.

चौकशीला जमादार घरी आले त्या दिवशी मी योगायोगाने लातूरला होतो. फाईलमध्ये माझ्या बातमीचं कात्रण होतं, त्यावर आमच्या कार्यालयाचा शिक्काही होता. तो मीच मारून दिला होता. आमच्याकडे परवान्याच्या फाईलला कात्रण जोडायची पद्धतच पडली आहे. ज्याला धमकी येते तो आधी बातमीदार गाठतो आणि मग वकील. जमादारांनी कात्रण बोटाने सपाट केलं आणि विचारलं, धोका अजून आहे का.

"हाय की," दाजी म्हणाले. "असलं कुठं मिटतं?"

मी चहा पीत होतो. तो तसाच पीत राहिलो. मग जमादारांनी घरच्यांचं मत विचारलं. दाजी म्हणाले, त्यांचं काही म्हणणं न्हाई. जमादारांनी ते लिहून घेतलं. घरची माणसं म्हणजे माझी बहीण. ती सहा फुटांवर स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, त्यात मीही आलो.

शस्त्र कसं हाताळायचं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचं प्रमाणपत्र लागतं. दाजींनी ते एका दुपारी उरकलं. त्या दुपारचा त्यांचा एक फोटो आहे. कानावर आवाज अडवणारे मोठे ठोकळे, एक डोळा मिटलेला. त्या फोटोत ते चांगले दिसतात, याची त्यांना कल्पना आहे.

परवाना हातात आल्यावर ते पिस्तूल घ्यायला नांदेडला आले. इथे बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरी ओलांडलेले मुस्लिम गृहस्थ, आजोबांपासूनचा धंदा. बाहेर पाटी लहान, आत लोखंडी जाळी. काचेच्या कपाटात मांडलेलं काही नाही. मी बातमीच्या निमित्ताने त्यांना ओळखत होतो. त्यांचं निम्मं काम दुरुस्तीचं. उरलेलं निम्मं, त्यांच्याच शब्दांत, शौकीन लोकांना समजावण्याचं.

दाजींनी बसल्याबसल्या विचारलं, सगळ्यात पावरफुल कोणतं.

"कुणाला मारायचंय साहेब?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

दाजी हसले. म्हातारे हसले नाहीत. कुणालाच नाही ना, मग पावरचा विषय सोडा, असं म्हणून त्यांनी विचारायला सुरुवात केली. घरात कोण कोण आहे. लहान मूल येतं-जातं का. कपाट कुठे आहे, किल्ली कुणाकडे असते. झोप गाढ आहे का. रागावल्यावर काय करता. मी आयुष्यभर प्रश्न विचारण्याचा पगार घेतला आहे. त्या चौकशीत जमादारांनी, किंवा माझी बातमी लिहिताना मी, यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. दाजींनी सांगितलं, घरात आम्ही दोघंच. मग आठवून म्हणाले, चार वर्षांची नात सुट्टीत येत असती.

म्हाताऱ्यांनी दोन हत्यारं समोरच्या चटईवर ठेवली. दोन्ही बत्तीस बोअरची, दोन्ही सरकारी कारखान्यातली. एक रिव्हॉल्व्हर, एक पिस्तूल. आधी त्यांनी दाजींना दोन्ही नुसती हातात धरायला लावली. दाजींची बोटं आखूड आणि जाड आहेत. पिस्तुलाच्या मुठीला पकड पुरी पडत नव्हती, चापापर्यंत बोट नेताना मनगट फिरत होतं. रिव्हॉल्व्हर हातात बसत होतं. मग त्यांनी रिव्हॉल्व्हरची चक्री बाहेर काढली आणि सहा भोकं उजेडाकडे धरली.

"ह्याच्यात काय आहे ते डोळ्याला दिसतं. पिस्तुलात दिसत नाही, तिथं याद ठेवावी लागते. तुमची याद कशी आहे?"

याद चांगली हाय, दाजी म्हणाले, पण हे चक्रीचं म्हाताऱ्या माणसाचं वाटतंय.

"म्हाताऱ्याचंच आहे साहेब. म्हातारं होईपर्यंत जगलेल्याचं."

दाजींनी पिस्तूल घेतलं. चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. ते कारण खरं असतं तर पुढचा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

म्हाताऱ्यांनी मग पिस्तूल रिकामं कसं करायचं ते दाखवलं. आधी मॅगझीन काढायचं. मग वरचा भाग, स्लाइड, मागे ओढायचा. ती मागेच धरून आत चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं. मग करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर एक गोळी वर चेंबरमध्ये जाऊन बसते, आणि मॅगझीन हातात आल्यामुळे माणसाला वाटतं, रिकामं झालं. जेवढे अपघात त्यांच्या कानावर आले, त्यातले बहुतेक रिकाम्या पिस्तुलाचे होते, असं ते म्हणाले. त्यांनी खोट्या गोळ्या घालून दाजींना हे दहा वेळा करायला सांगितलं. दाजींनी चार वेळा केलं, पाचव्या वेळी मुरुडच्या दुकानातून फोन आला, तो घेत ते बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले, कळलं की.

दोन गोष्टी म्हाताऱ्यांनी आणखी सांगितल्या. कमरेचं म्यान कडक असावं आणि त्याने चाप पूर्ण झाकला पाहिजे. घरात भिंतीला पक्की केलेली लोखंडी पेटी असावी, गोळ्या वेगळ्या, किल्ली स्वतःजवळ. दाजींनी म्यान बाहेरच्या एका पट्टेवाल्याकडून घेतलं. मऊ चामड्याचं होतं, वर वाघाचं तोंड उठवलेलं. चाप अर्धा उघडाच राहायचा. पेटी घेतली नाही. घरात लोखंडी कपाट हाय की, म्हणाले.

ते कपाट आक्काच्या साड्यांचं होतं. पिस्तूल वरच्या खणात, रेशमी साड्यांवर, एका रुमालात गेलं. महिन्याभराने मी गेलो तेव्हा आक्काने सगळ्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत हलवल्या होत्या. तो खण ती उघडत नव्हती. मी का विचारलं तर म्हणाली, वाकून घेते, त्यात काय.

पिस्तूल बाळगणं म्हणजे ते कुणाला कळू न देणं, एवढी साधी गोष्ट आहे. दाजींचं आठ दिवसांत सगळ्या मुरुडला कळलं. ते आधी शर्ट खोचत, आता दोन मापं मोठा शर्ट बाहेर सोडू लागले. बोलताना उजवं कोपर कमरेला घासून पिस्तूल आहे ना ते बघत. एका साखरपुड्यात मी मोजलं, अर्ध्या तासात अकरा वेळा. बुटाची नाडी बांधायला ते लोकांकडे पाठ करून वाकत. त्यांच्या बुटांना तोवर नाड्या नव्हत्या, त्यांनी नव्या बुटांचा जोड घेतला. गाडीच्या डॅशबोर्डवर पिस्तूल ठेवून त्यांनी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. असलं प्रदर्शन केलं तर परवाना जाऊ शकतो, हे मी फोन करून सांगितल्यावर काढला. तोपर्यंत ज्यांनी बघायचं त्यांनी बघितला होता, हॉटेलवाल्याने अंगठाही दिला होता.

माझी समजूत अशी झाली आहे की पिस्तुलाने माणसाला दोन सवयी लागतात. तो पूर्वी जिथे रस्ता सोडायचा तिथे सोडत नाही. आणि तो पूर्वी जे हसून सोडायचा ते मनात धरून ठेवतो. दाजी स्वभावाने गरीब माणूस. खतासाठी तास तास हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजायचे. त्या वर्षी त्यांनी दोघांना दुकानातून उठवून लावलं. दोन्ही वेळा हात कमरेवर होता, असं दुकानातला मुनीम मला सांगत होता. त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

मे महिन्यात लोह्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवात पंगत जमिनीवर होती. दाजी मांडी घालून बसले आणि पिस्तुलाची मूठ पोटात रुतली. दोन घासांनंतर ते उठले, मांडवामागे आक्काला बोलावून घेतलं आणि पिस्तूल तिच्या पर्समध्ये टाकून परत पंगतीला आले. हे मला नंतर कळलं. मी त्यांच्या शेजारीच जेवत होतो. ते एवढंच म्हणाले, आता कसं मोकळं वाटतंय.

आक्का पुढचे दोन तास बायकांमध्ये बसून होती. तिची ओटी भरली, तेव्हा खण, नारळ आणि हळकुंड त्याच पर्समध्ये गेलं. तिने ते स्वतःच्या हाताने, एकेक करून, पिस्तुलाच्या बाजूला ठेवलं. कुणीतरी फोटोसाठी बोलावलं तर ती उठली नाही. पर्स कुणाच्या हातात द्यावी हे तिला कळेना, आणि मांडवात पोरं पळत होती.

लग्नाहून ते दोघं मुक्कामाला नांदेडला माझ्याकडे आले. दाजी बाहेर गाडी लावत होते तेवढ्यात आक्काने पर्स उघडून मला दाखवली.

"बघ. काय घेऊन बसले होते."

मी तिला कायदा सांगितला. परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते बाळगायचं. दुसऱ्याच्या हातात सापडलं तर त्या दुसऱ्यावर गुन्हा.

"म्हंजी मला धरलं असतं?"

हो, म्हटलं. आणि दाजींनाही.

"त्येंला तू सोडवून आणशील," ती म्हणाली. "बातमी देशील, वळख काढशील. माझी काय बातमी देणार होतास?"

तेवढ्यात दाजी आत आले. मी विषय काढला तर ते म्हणाले, बायकोच्या पर्समधी पोलीस हात घालतेत का, ओ पत्रकार, तुम्ही बी. मग त्यांनी पर्समधून पिस्तूल काढलं, त्याला लागलेली हळद सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि टीव्हीवर ठेवलं. माझ्या बायकोने ते उचलून आत न्या असं सांगेपर्यंत ते तिथेच होतं.

त्या वर्षी नवरात्रात मी लातूरला गेलो. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, कुदळ, फवारणीचा पंप, दुकानातला वजनकाटा, ट्रॅक्टरची किल्ली. अलीकडे लॅपटॉपही असतो. दाजींनी त्या दिवशी दोघा पाहुण्यांना मुद्दाम बोलावलं होतं. एक त्यांच्या पिस्तूलवाल्या मित्रांपैकी, आणि दुसरा तो हॉटेलवाला. ज्याच्यापासून रक्षण व्हावं म्हणून ते हत्यार सरकारने मंजूर केलं, तो त्याच हत्याराच्या पूजेला झेंडूचे हार घेऊन आला होता. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी पाहुणा होतो.

नात आली होती. तिला परकर-पोलकं घालून पाटाजवळ फुलं वाहायला बसवलं होतं. दाजींनी कपाटातून पिस्तूल आणलं आणि पाटाच्या मधोमध ठेवलं, विळ्याला बाजूला सारून. मूठ देवाकडे, नळी आमच्याकडे.

आक्का कुंकवाचं ताट घेऊन आली. ती उभीच राहिली.

"ते रिकामं करा आधी."

दाजी म्हणाले, रिकामं शस्त्र पुजत नाहीत. आक्काने विचारलं, कुणी सांगितलं. दाजींनी विचारलं, शेजारणीचा डबा तू कधी रिकामा परत देतीस का. मग शस्त्र रिकामं कसं मांडायचं. मित्राला हे पटलं. त्याने दुजोरा दिला की त्याच्याकडेही भरलेलंच मांडतात. हॉटेलवाला म्हणाला, वहिनीचं बी बरोबर हाय, लेकरू बसलंय. शेवटी तडजोड निघाली. आमच्याकडे सगळ्यातूनच निघते. दाजींनी मॅगझीन काढलं, भरलेलं मॅगझीन पिस्तुलाच्या शेजारी ठेवलं, त्यावर फूल ठेवलं. आता शस्त्र भरलेलंही होतं आणि रिकामंही.

"झालं," ते म्हणाले. "आता ते नुसतं लोखंड हाय."

मी म्हटलं, दाजी, स्लाइड मागं ओढून बघा. ते म्हणाले, मॅगझीन हे इथं हाय, तुम्हाला दिसत न्हाई का. मी म्हटलं, चेंबर बघा. ते पाहुण्यांकडे बघून हसले. पत्रकारांना सगळ्यातलं कळतंय, म्हणाले, उद्या खतातलं बी सांगतील. मित्र हसला. पूजा खोळंबली होती, कापूर तयार होता, नात झेंडूच्या पाकळ्या पिस्तुलावर टाकू लागली होती. मीसुद्धा आणखी आग्रह करणार नव्हतो. हे मला लिहिलं पाहिजे. माणसांसमोर दाजींचा पाणउतारा नको, असा विचार माझ्या मनात आला होता.

आक्काने ताट खाली ठेवलं, नातीला दंडाला धरून मागे घेतलं आणि स्वतःच्या पाठीमागे उभं केलं.

"वढा," ती म्हणाली.

दाजींनी पिस्तूल उचललं आणि आपल्याला किती त्रास होतो आहे हे सगळ्यांना दिसेल अशा बेताने स्लाइड ओढली. गोळी बाहेर उडाली. पाटावरच्या तांदळात पडली आणि तिथेच राहिली. लहान असते ती. पितळेची, बोटाच्या पेरापेक्षा थोडीशी लांब.

दाजींनी ती कुठून आली असेल त्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली, जणू तो प्रश्न होता. चार दिवसांपूर्वी दुकानात एका बियाणं कंपनीचा माणूस आला होता, त्याला दाखवायला काढलं होतं. स्लाइड ओढून दाखवली, मग मॅगझीन काढून दाखवलं, मग मॅगझीन परत घातलं. म्हणजे म्हाताऱ्यांनी जो उलटा क्रम सांगितला होता, अगदी तोच. चार दिवस ते पिस्तूल चेंबरमध्ये गोळी घेऊन कधी कमरेला होतं, अर्ध्या उघड्या चापाच्या म्यानात, आणि कधी कपाटात. कपाटाची किल्ली कपाटालाच असते. नातीला कपाट उघडता येतं, खालच्या खणात तिचे रंगाचे खडू आहेत.

मित्र म्हणाला, होतं असं कधीकधी.

आक्काने हॉटेलवाल्याकडे बोट केलं, पण बोलली नवऱ्याशी.

"ह्येंच्या फोनची मला एक दिस भीती वाटली. मग मी ह्येंला जेवू घातलं. तुमची भीती मला वरीसभर वाटून राहिली. तुमाला काय जेवू घालू म्हंजी जाईल?"

हॉटेलवाल्याने मान खाली घातली. दाजींनी पिस्तूल कुठे ठेवावं हे न कळून हातातच धरलं होतं. त्यांचं बोट चापाजवळ होतं. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी बोट काढलं.

पूजा झाली. आक्काने विळ्याला, कुऱ्हाडीला, पंपाला, वजनकाट्याला हळदकुंकू वाहिलं. पिस्तूल पाटावर नव्हतं. गोळी पडली होती तिथले तांदूळ तिने चिमटीने उचलून वेगळे केले आणि ते पाखरांना टाकले नाहीत, केरात टाकले. जेवताना ती सगळ्यांना वाढत होती, आग्रह करत होती. दाजींना तिने एकदाही आग्रह केला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून बाहेर आली आणि दाजींना म्हणाली, चला ठाण्यात. परवानाधारकाला आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून ठेवता येतं. निवडणुकीच्या वेळी तर ते करावंच लागतं. हे तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तिने विचारलं म्हणून. या सगळ्या प्रकरणात तिने मला विचारलेली आणि मी तिला दिलेली एवढीच उपयोगाची माहिती. दाजी म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, ठिवायचंच असंल तर ठिवा, मी पोरीला घिऊन नांदेडला जाते, भाऊ हाय. दाजींनी पिस्तूल घेतलं आणि गाडी काढली, ती मागे बसली. मी पुढे बसलो. नातीला शेजारच्या घरी ठेवलं होतं.

ठाण्यात टेबलामागे एक हवालदार होते. वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज लिहायला सांगितला आणि कारण विचारलं. दाजींनी क्षणभर विचार केला आणि बाहेरगावी तीर्थयात्रेला जात असल्याने, असं लिहिलं. परवान्याच्या चौकशीत खोटं सांगितलं होतं, हत्यार जमा करतानाही खोटंच लिहिलं. या वेळी मात्र खोट्याने पिस्तूल घराबाहेर जात होतं.

हवालदारांनी नंबर तपासला, मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, गोळ्या मोजून लिहिल्या. मग पिस्तूल उचलून मागच्या कपाटाकडे निघाले.

"साहेब," आक्का म्हणाली. "मागं वढून बघा."

हवालदार थांबले. त्यांनी आधी दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताई, आमची नोकरी झाली ह्याच्यात, असं ते म्हणाले, रागावून नाही, समजूत घातल्यासारखं. मॅगझीन काढलंय म्हणाले, आता काही होत नसतं.

"तसंच म्हणत होते हे बी," ती म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली नव्हती आणि उठणारही नव्हती, एवढं तिच्याकडे बघून कळत होतं. बाकावर बसलेली दोन माणसं आता इकडे बघत होती. दाजी भिंतीवरची सूचना वाचू लागले. हवालदारांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, नळी भिंतीकडे केली आणि स्लाइड मागे ओढून धरली. आत काही नव्हतं. त्यांनी ते टेबलावरून तिच्यापुढे धरलं. आक्का वाकली आणि आत पाहिलं, निवडायला घेतलेल्या गव्हात खडा बघतात तसं, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग तिने मान हलवली आणि हवालदारांनी पिस्तूल कपाटात ठेवलं.